यंदा सासरी सण नाही. मग जाऊ की नको?

प्रिय ताई,

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात जपानी शिकले, नोकरीच्या निमित्ताने टोकियोला आले आणि ऑफिसातल्याच एका जपानी मुलाशी लग्न केलं. आम्ही निशी-कासाईला राहतो. सासर शिकोकु बेटावर, ताकामात्सुला.

लग्नानंतरचं पहिलं नवं वर्ष गेल्या वर्षी सासरी झालं. सासूबाईंनी दोन दिवस खपून ओसेचीचे, म्हणजे नव्या वर्षाच्या खास पदार्थांचे, तीन मजली डबे भरले होते. मी शाकाहारी, अंडं तेवढं खाते. नवऱ्याने हे घरी सांगितलं असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात प्रत्येक पदार्थाला ‘यात मासा आहे का?’ असं मला सगळ्यांसमोर विचारावं लागलं. शेवटी काळे सोयाबीन, चेस्टनट घातलेला रताळ्याचा गोड लगदा आणि भात एवढंच खाल्लं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेले की ‘तू बस, तू बस’ म्हणून बाहेर पाठवायच्या. मग मी सासरे, दीर आणि नवऱ्याबरोबर टीव्हीसमोर. निघताना त्यांनी गाडीत खायला उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेल्या ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, बांधून दिल्या. पाहुण्याला डबा द्यावा तसा. तेही मला लागलं.

यंदा ऑगस्टच्या अखेरीस आजेसासूबाई गेल्या. त्या सासूबाईंकडेच राहायच्या. आम्ही दोघं अंत्यविधीला जाऊन आलो. दिवाळीत मी घरी पणत्या, रांगोळी, फराळ सगळं केलं आणि फोटो सासरच्या लाइन या चॅट ॲपवरच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी वाचले, उत्तर एकाचंही नाही. आता नवरा म्हणतो, यंदा नव्या वर्षाची कार्डं पाठवायची नाहीत, ‘ओमेदेतो’ (अभिनंदन) म्हणायचं नाही. मी तर फोटोची कार्डं छापूनही घेतली! साताऱ्याहून आई ‘सांभाळून घे’ म्हणते. इथल्या मैत्रिणी म्हणतात, सणच नाही तर जातेस कशाला, चार दिवस आमच्याकडे ये. ‘तुझी आई काय म्हणते?’ असं नवऱ्याला विचारलं की उत्तर एकच, ‘काही नाही, ठीक आहे.’

जाऊ की नको? आणि गेले तर वागू कशी?

— ताकामात्सुची सून

*

प्रिय सूनबाई,

जा. आणि ३१ तारखेला ताटावर बसायला जाऊ नकोस, ३० डिसेंबरलाच पोहोच. का ते पुढे सांगते.

आधी दिवाळीचे फोटो. तुला वाटतंय की तुझा सण त्यांना आवडला नाही. क्षणभर ताकामात्सु बाजूला ठेव आणि सातारा आठव. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. दारावर आकाशकंदील लागत नाही, तळणीची कढई चढत नाही, फराळाचं ताट शेजारपाजारचे आणि नातेवाईक आणून देतात. अशा घरच्या सुनेने दोन महिन्यांच्या आत पणत्यांचे हसरे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले असते, तर तुझ्या काकूंनी काय उत्तर दिलं असतं? बहुधा काहीच नाही. रागावून नव्हे, तर काय लिहावं ते न सुचल्यामुळे. जपानमध्येही तेच. मृत्यूनंतरचे पहिले ४९ दिवस कडक. ते संपले की रोजचं जगणं सुरू होतं, पण येणाऱ्या नव्या वर्षाचं अभिनंदन टळतं. या काळाला मोचू म्हणतात. सख्ख्या आजीचं मोचू किती पाळायचं हे घरागणिक बदलतं, पण आजी एकाच छपराखाली राहत होती म्हटल्यावर तुझ्या सासरी ते पाळलं जाणारच. तुझ्या फोटोला ‘छान’ म्हणणं म्हणजे सणाचं अभिनंदन केल्यासारखं, आणि ‘आत्ता नको’ म्हणणं त्यांच्या तोंडून निघणार नाही. उरलं काय? वाचून गप्प बसणं. त्या गप्प बसण्यात थोडी नाराजी असेलही. मी ‘नसेलच’ असं छातीठोक सांगणार नाही. असली तरी ती एका वाक्यात मिटण्यासारखी आहे: ‘दिवाळीत फोटो टाकताना आजींचं वर्ष माझ्या लक्षात आलं नाही.’ एवढंच, एकदाच, समोरासमोर. पाच ओळींची माफी लिहून लाइनवर टाकू नकोस. तिला उत्तर काय द्यायचं हा त्यांना आणखी एक प्रश्न पडेल.

कार्डांचं सोपं आहे. खरं तर मोचूच्या घरातून नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत साध्या रंगातलं पोस्टकार्ड जातं की यंदा आमच्याकडून नव्या वर्षाच्या शुभेच्छा नाहीत. सासूबाईंनी नातेवाइकांना ती धाडली असतील. तुम्हा दोघांच्या मित्रमंडळींचं काय, हे नवऱ्याला आजच विचार, कारण वेळ निघून चालली आहे. राहून गेलंच तर ज्यांची कार्डं तुम्हाला येतील त्यांना ७ जानेवारीनंतर, ४ फेब्रुवारीच्या सुमारास थंडी सरल्याचं मानतात त्याच्या आत, थंडीची विचारपूस करणारं साधं कार्ड पाठवा. त्याला कान्चू मिमाई म्हणतात आणि ते अशाच वेळी कामी येतं. छापलेली फोटोकार्डं साताऱ्याला पाठवून दे. आई कपाटाच्या काचेला लावेल.

आता मैत्रिणींचा मुद्दा. ‘सण नाही तर जायचं कशाला’ हे मला अगदी उलटं वाटतं. यंदाच जायला हवं.

असं बघ. गेल्या वर्षी ज्या डब्यांपुढे तू अडकलीस ते सणाचे डबे होते. त्यातली कोळंबी, लाल-पांढऱ्या माशाच्या वड्या, हेरिंगची अंडी हे सगळं मंगल म्हणून मांडलेलं. मोचूच्या वर्षी नेमकं हेच टाळतात. लाल-पांढरं नाही, ‘ताई’ नावाचा मासा नाही, दारात बांबू-पाइनचं तोरण नाही, वर संत्रं ठेवलेला मोचीचा (कुटलेल्या चिकट भाताचा) गोळा नाही. घरात होतं ते साधं जेवण: शिजवलेल्या भाज्या, काळे सोयाबीन, वर्षाअखेरीचं उदोन (गव्हाच्या जाड शेवया), मोचीचं ओझोनी (नव्या वर्षाचं सूप). चार माणसं, थोडं बोलणं. टोकियोहून आलेल्या शाकाहारी सुनेला इतकं सोयीचं वर्ष पुन्हा लवकर येणार नाही. आणि या वर्षी जी येते ती ओसेची खायला आलेली नसते, हे न बोलताही सगळ्यांना कळतं.

शिवाय सासूबाईंचा विचार कर. त्यांचीही सासूच गेली आहे. त्याही एके काळी त्या स्वयंपाकघरात परक्या घरून आल्या असणार आणि आजींनी त्यांना ‘तू बस’ म्हटलं होतं की भांडी घासायला लावली होती, देव जाणे. आजींशिवायचं त्यांचं हे पहिलं नवं वर्ष. तुझ्या पत्रात तुला काय वाटलं ते सगळं आहे, पण ऑगस्टपासून त्या कशा आहेत यावर एक ओळही नाही. हे टोचून बोलते आहे असं वाटलं तर वाटू दे.

आणि त्या ओनिगिरी. अगं, तू स्वतःच लिहिलं आहेस की त्यात उमेबोशी होती. जपानी घरात ओनिगिरी करायची म्हटली की सॅमन, टूना, कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचा कीस), माशाची अंडी हेच आधी हाताशी येतं. टेबलावर तू काय उचलतेस आणि काय बाजूला ठेवतेस ते या बाईने पाहिलं, मासा नसलेलं सारण निवडलं आणि निघायच्या धांदलीत ते बांधून दिलं. तुला दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं, तेवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्याला तू परकेपणा म्हणतेस!

खरा गोंधळ तुझ्या नवऱ्याने घातला आहे. ‘ठीक आहे’ ही माहिती नव्हे. गेल्या वर्षी त्याने घरी काहीतरी सांगितलं असेल, पण ‘ती मांस खात नाही’ एवढंच. जपानी स्वयंपाकघरात मांस म्हणजे मांसाचा तुकडा. कात्सुओबुशीचा रस हा मासा मोजलाच जात नाही, तो आपल्या फोडणीसारखा गृहीत असतो. आणि तुझं सासर कागावात. तिथला रस इरिकोचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक माशांचा, आणि अख्खा जिल्हा त्या रसातल्या उदोनचा अभिमान बाळगतो. तिथे शाकाहारी असणं क्योतोतल्या देवळाशेजारी शाकाहारी असण्याहून अवघड आहे.

तेव्हा आधी तुझं तू ठरव. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांत दोन्ही प्रकार दिसतात. काही जण म्हणतात, तुकडा नको पण रस चालेल. काहींना रसही नको असतो. दोन्ही ठीक, पण ठरव इथे निशी-कासाईत, त्यांच्या टेबलावर नको. मग ते एका वाक्यात नवऱ्याकडून १५ डिसेंबरच्या आत आईला फोनवर सांगून घे. फोनवर म्हणजे फोनवर, तू शेजारी बसलेली असताना. मासा-मांस नाही, रसही नाही, अंडं-दूध चालतं, आणि रसासाठी कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि सुके शिताके (मशरूम) ती स्वतः घेऊन येते आहे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. तुझ्यामुळे काय करता येणार नाही हे ऐकून यजमानीण घाबरते. तू काय आणणार आहेस हे ऐकून तिला हायसं वाटतं.

कोम्बु आणि शिताके रात्री थंड पाण्यात भिजत टाकले की सकाळी रस तयार. त्याच्यावर भाज्या शिजतात, ओझोनीही होतं. कागावाचं ओझोनी तू गेल्या वर्षी चाखलं नसशील तर मोठ्या गमतीला मुकलीस. पांढऱ्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) आमटीत मुळा, लाल गाजर आणि गोल मोची, आणि त्या मोचीच्या पोटात लाल वालासारख्या अझुकीचं गोड पुरण! जपानमधल्याच इतर लोकांना हे ऐकून नवल वाटतं. पूर्वी साखर चैनीची होती, म्हणून वर्षातून एकदा ती मोचीत दडवून खायचे असं तिकडे सांगतात. पुरणपोळी कटाच्या आमटीत बुडवून खाणाऱ्या माणसाला यात काय नवल! फक्त रस तुझा वापरला की झालं. एका छोट्या पातेल्यात वेगळं, तूच करायचं, सासूबाई सांगतील तसं. ‘आजी कसं करायच्या?’ हा प्रश्न त्या पातेल्याशी उभं राहून विचार. बैठकीत बसून विचारलास तर ‘साधंच’ एवढंच उत्तर मिळेल.

३१च्या रात्रीच्या उदोनचं असं कर: गरम उदोनवर कच्चं अंडं आणि सोयासॉस, म्हणजे कामातामा. तिकडचाच पदार्थ, कुणाला वेगळं काही करावं लागत नाही. सोयासॉसच्या बाटलीवरचं मात्र वाच. तिकडे घरोघरी माशाचा रस मिसळलेला सॉस असतो. ओसेचीतलं थोडं लक्षात ठेव. पिवळीधमक गुंडाळी दिसते ती नुसत्या अंड्याची नाही, तिच्यात माशाचा लगदा असतो. कोम्बुच्या बांधलेल्या गुंडाळीत बहुधा हेरिंग असतो. काळे सोयाबीन आणि तो गोड लगदा तू बरोबर ओळखलास. कमळकाकडीच्या चकत्या रसाशिवाय व्हिनेगरमध्ये केल्या असतील तर त्याही खा.

आता ३० तारीख का ते. सणाच्या दिवशी त्या घरात काम उरलेलंच नसतं. जे काय असतं ते आदल्या दोन दिवसांत: झाडलोट, भाज्या चिरणं, शेवटचा कचरा वेळेत बाहेर ठेवणं, कारण मग तीन-चार दिवस गाडी फिरकत नाही. गेल्या वर्षी तू सगळं झाल्यावर पोहोचलीस आणि मग ‘काही मदत करू का?’ विचारलंस. या प्रश्नाला जपानी सासूचं उत्तर ठरलेलं आहे, आणि खरं सांगू, आपल्या काकू-आत्याही पहिल्यांदा ‘बस गं तू’च म्हणतात. पिशवीत स्वतःचा एप्रन ने. तो बांधून बाहेर ये आणि नेमकं काम माग. ‘मुळा मी किसू?’ ‘डबे पुसून ठेवू?’ त्याला नाही म्हणणं अवघड असतं. तरीही नाही म्हणाल्या तर आग्रह सोड, जेवणानंतर सिंकपाशी उभी राहा. दोन बायकांना एकमेकींच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं अशी ती घरातली एकमेव जागा आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, ताई सुनेला राबायला सांगते आणि पुरुष कोहाकू बघत लोळणार. तसं अजिबात नाही. पावणेबारापर्यंत चालणारा तो गाण्यांचा कार्यक्रम तुझ्या नवऱ्याने नाही पाहिला तर काही बिघडत नाही. त्यालाही उठव. भांडी तू घास, पुसून तो ठेवेल. मुलगा स्वयंपाकघरात आलेला बघून आईला धक्का बसला तर बसू दे. हे तू सासूबाईंना सांगायचं नाहीस, त्याला सांगायचंस, आणि इथून निघायच्या आधी.

आता मला सर्वांत जवळचं वाटतं ते. घरात बुत्सुदान, म्हणजे पूर्वजांचं देवघर, असेल, आजींचा फोटो तिथे असेल. जपानी घरात आलेली भेटवस्तू, मिठाई आधी तिथे ठेवतात, मग खाली काढून सगळे खातात. आपल्या नैवेद्याचीच रीत. आणि तिथे मासा-मांस, कांदा-लसूण ठेवत नाहीत. म्हणजे त्या घरात एक जागा अशी आहे जिथे तुझ्या हातचं काहीही स्पष्टीकरण न देता चालतं. रव्याचे छोटे लाडू आणि शंकरपाळे कर, अंडं न घालता. चिवडा नेलास तर लसूण नको. डब्यात सुटं भरू नकोस. दोन-दोन शंकरपाळ्यांच्या छोट्या पाकिटांत बांध, चांगल्या खोक्यात लाव, आणि आत गहू, दूध, शेंगदाणे काय आहे ते जपानीत लिहिलेली चिठ्ठी ठेव. ॲलर्जीबद्दल लोक फार जपून असतात आणि लहान मुलांच्या आईला विचारायचा संकोच वाटतो. पोहोचल्यावर आधी ‘आजींना उदबत्ती लावू का?’ असं विचार. उदबत्तीची ज्योत फुंकून विझवू नकोस, हाताने वारा घाल. आपल्याकडेही दिवा फुंकरीने विझवत नाहीत, तेव्हा हात आपोआप जाईल. मग खोकं समोर ठेव आणि हात जोड. कुणी विचारलं तर सांग, हे आमच्याकडे दिवाळीत करतात. न विचारलं तर नको सांगूस. दिवाळीचं जे फोटोत जमलं नाही ते यातून पोहोचेल असं मला वाटतं.

पण तुझी स्वतःची दिवाळी मात्र ताकामात्सुवर टांगून ठेवू नकोस. ती निशी-कासाईत आहे, मैत्रिणींत आहे, टोकियो मराठी मंडळात आहे. सासरच्यांनी आपला सण आपल्याइतकाच मनावर घ्यावा ही अपेक्षा मला जास्तीची वाटते. तूही त्यांच्या ओबोनची, म्हणजे पूर्वजांच्या सणाची, वर्षभर वाट पाहत नाहीस.

किरकोळ गोष्टी भराभर. पुतणे असतील तर त्यांना ओतोशिदामा (मुलांना नव्या वर्षाला पाकिटात द्यायचे पैसे) द्यायचीच, मुलांचं मोचू कशाला? फक्त पाकीट साधं घे, लाल-सोनेरी नको. प्राथमिक शाळेतल्याला तीन हजार आणि मधल्या शाळेतल्याला पाच हजार येन साधारण चालतात, पण दिराशी आकडा जुळवून घ्या. चार हजार, नऊ हजार नकोत. नोटा कोऱ्या हव्यात आणि ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बँका बंद, तेव्हा आधीच काढून ठेव. १ तारखेला सकाळी ‘आकेमाशिते ओमेदेतो’ न म्हणता ‘कोतोशिमो योरोशिकु ओनेगाइशिमास’ (यंदाही लोभ असू द्या) म्हण. ते कुठल्याही वर्षी शोभतं. ४९ दिवस उलटून गेल्यामुळे देवळात जायला हरकत नसते, तरी डोंगरावरच्या कोम्पिरा या शिंतो देवळाच्या ७८५ पायऱ्या चढायचा बेत तू काढू नकोस, त्यांनी काढला तर जा. झेन्त्सुजीला जाणं जास्त सोपं. कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांचं जन्मस्थान आणि बौद्ध मंदिर, तिथे मोचूचा प्रश्नच येत नाही.

आणि सासऱ्यांशी बोलायला विषय नसतो ना? ते तू लिहिलं नाहीस, पण टीव्हीसमोर बसलीस म्हणजे नसणारच. ताकामात्सुत रित्सुरिन बाग आहे, नव्या वर्षातही उघडी असते. त्यांना म्हणावं, मला दाखवा. चालता चालता सांग की पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली बाग आहे, पु. ल. देशपांड्यांच्या नावाची, आणि जपानी शिकताना तू तिथे जायचीस. गेली असशील तरच सांग हं. सासरी जाताना गाडी ओकायामालाच बदलता, तेव्हा ओकायामा बरी की ताकामात्सु यावर त्यांना अर्धा तास बोलता येईल. समुद्र ओलांडून शेजारी असलेल्या गावांची असते तशी चुरस तिथेही आहे.

शेवटी एक तारीख. आजी ऑगस्टच्या अखेरीस गेल्या, म्हणजे यंदाचा ओबोन आधीच उलटून गेला होता आणि त्यांचा पहिला ओबोन येत्या ऑगस्टमध्ये, १३ तारखेच्या आसपास. पहिल्या ओबोनला घरी पांढरा कंदील लागतो, भटजी येतात, लांबचे नातेवाईक जमतात. वर्षश्राद्धही त्याच महिन्यात, पुष्कळ घरांत दोन्ही एकत्र उरकतात. तिथे तुम्ही दोघं नसलात तर जानेवारीतल्या लाडवांचा काही उपयोग नाही. रजेचा अर्ज आत्ताच टाक, आणि सासूबाईंना ३० तारखेलाच सांग की ऑगस्टची रजा घेतली आहे. गाडीची तिकिटं महिनाभर आधी सकाळी १०ला उघडतात आणि ओबोनच्या गर्दीत पटकन संपतात. ते काम नवऱ्याला दे.

— तुझी ताई